शाळेतून छापखान्याकडे : सखाराम गणेश देउस्कर

परप्रांती स्थिरावलेल्या मराठी माणसाचा विषय निघाला की आपण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर ही नावे घेतो. तेथे मराठी राजाश्रय होता. सखाराम गणेश देउस्कर यांना बंगालात तो नव्हता. राज्य इंग्रजांचे आणि लोकभाषाही निराळी. म्हणूनच त्यांचे चरित्र मला अधिक मोलाचे वाटते.

मूळच्या कोकणातल्या या घराण्यात सखारामपंतांचा जन्म १८६९ साली देवघरनजीक करौं गावी झाला. हा मुलूख तेव्हा बंगाल इलाख्यात होता. आज तो झारखंडात आहे. १८९३ च्या सुमारास ते देवघरच्या शाळेत शिक्षक झाले. तेथील इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या जुलमी कारभारावर त्यांनी कलकत्त्याच्या ‘हितवादी’ पत्रात लेख लिहिले. साहेबाने नोकरी घालविण्याची धमकी दिली. जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबाचा रोष म्हणजे काय, हे सरकारी दप्तरात वय घालविलेल्या माझ्यासारख्यास निराळे सांगावयास नको! सखारामपंतांनी शाळा सोडली आणि कलकत्ता गाठून ‘हितवादी’त मुद्रिते तपासण्याचे काम पत्करले. शिक्षकाच्या मानाने ही पायरी खालचीच. पण याच मुद्रितशोधकाकडे पुढे त्या पत्राचे संपादकपद आले, आणि तेही बंगाली भाषेच्या बळावर.

१९०४ साली त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ निघाला. इंग्रजी अमलात देशाचे धन कसे बाहेर जाते व कारागीर कसा देशोधडीला लागतो, हे त्यात आकडेवारीनिशी मांडले होते. पुढल्याच वर्षी वंगभंग झाला आणि स्वदेशीच्या कार्यकर्त्यांना हा ग्रंथ आयताच हाती सापडला. शिवचरित्राचा परिचयही त्यांनी बंगाली वाचकांस करून दिला. त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेस रवींद्रनाथांची कविता लाभली.

१९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली. लोकमान्यांविरुद्ध लिहावे, असा ‘हितवादी’च्या चालकांचा आग्रह पडला. सखारामपंतांनी संपादकपदाचा राजीनामा दिला व राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात ते पुन्हा शिकवू लागले. १९१० साली सरकारने ‘देशेर कथा’ जप्त केली. १९१२ च्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

‘देशेर कथा’ हिंदीत आणली ती त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर यांनी. काशीच्या ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी जगत ज्यांना ओळखते, तेच हे पराडकर.