मुलाच्या खिडकीचा पडदा

दिवाळीच्या आवराआवरीत घरोघर पडदे उतरतात, धुतले जातात आणि मुलाच्या खोलीचा पडदा कामातून गेल्याचे नेमके तेव्हाच गृहिणीच्या ध्यानी येते. मग दुकानाची पायरी चढणे आणि भाव ऐकून तशीच उतरणे आले! कॉटन ग्रीनच्या आसपास राहणाऱ्याला या प्रश्नामागे एक जुनी हकीकत दिसते. इथल्या स्थानकाच्या नावातच कापूस आहे.

हे नाव मुळात इथले नव्हे. कोटात टाउन हॉलसमोर जे मोकळे मैदान होते, तिथे कापसाच्या गाठी रचल्या जात. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीकडे आला. नावही त्याच्याबरोबर आले. मधल्या काळात, १८५४ साली, कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा पाया घातला आणि पाहता पाहता परळ-लालबागच्या आभाळात धुराडी उभी राहिली.

आता गंमत पाहा. इथले कापड देशोदेशी गेले. पण ते विणणाऱ्याच्या मुलाला स्वतःची खोली कुठून असणार? शिवडी, नायगाव, वरळी आणि डिलाईल रोड येथे सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांतली खोली अवघी १६० चौरस फुटांची. तेवढ्यात चूल, देव्हारा, खाट आणि सारे कुटुंब. बाप रातपाळीहून येऊन दिवसा झोपायचा आणि पोराला परीक्षेचा अभ्यास असायचा. अशा वेळी आईचे जुने लुगडे तारेवर चढे आणि एका खोलीच्या दोन होत. त्या लुगड्यापलीकडची खिडकी, एवढीच त्या मुलाची मालमत्ता. तिच्यावर ताग्याच्या शेवटी उरलेला किंवा विणीत खोट निघालेला स्वस्त तुकडा लागे. चाळीतला पडदा शोभेसाठी नव्हताच. कुणाला झोप, तर कुणाला एकांत देण्यासाठी तो होता.

महायुद्धात कापडाची इतकी टंचाई झाली, की १९४३ साली सरकारला त्याच्या भावावर नियंत्रण आणावे लागले. मग चांगला तुकडा खिडकीला कोण लावणार? १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत रात्री दिवे झाकायचे हुकूम सुटले, तेव्हा मुंबईच्या काचांवर काळे कागद चिकटले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. घराचा पगार बंद झाला आणि त्याबरोबर तो स्वस्त तुकडाही गेला.

आज त्याच गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत. त्यांत मुलाला वेगळी खोली असते आणि तिच्या पडद्याला मोठी किंमत पडते. पण जुनी युक्ती काही मोडीत निघालेली नाही. नऊवारीचा पन्हा साधारण पावणेचार फूट भरतो. तोच पडद्याची उंची धरावा. म्हणजे एक काठ खाली आपोआप झालर होतो आणि वरचा काठ दुमडून त्यात तार ओवता येते. साडेतीन फूट उंचीच्या खिडकीला एवढे पुरते. रुंदी मात्र खिडकीच्या दुप्पट घ्यावी, तरच चुण्या पडतात. तीन फुटी खिडकीला दोन वार लागतात. विरलेला भाग टाकला, तरी एका लुगड्यात दोन खिडक्या सहज निघतात. उजेड फार येत असेल, तर मागून मांजरपाटाचे अस्तर द्यावे. ते आधी धुऊन घ्यावे, नाहीतर मागाहून आटते आणि पडदा ओढला जातो. लहान मुलाच्या हाताला लागेल अशी दोरी लोंबती ठेवू नये. गळ्यात अडकण्याचे भय असते.

आणि शिवताना मुलाला जवळ बसवावे. हे लुगडे कुणाचे, ती कुठे राहत होती, तिच्या घरी कोण गिरणीत जात होते, हे त्याला सांगावे. कॉटन ग्रीन हे नाव त्याला गाडीच्या पाटीवर रोज दिसते. त्याचा अर्थ त्याच्या खिडकीत टांगलेला असला, तर काय वाईट?