गॅडोलिनियमची पृष्ठ-अवस्था व तापमान : एका वादाचा इतिहास

जालना जिल्ह्यातील जाफराबादेस पौषातल्या पहाटे गॅडोलिनियमचा तुकडा साध्या चुंबकाजवळ नेला, तर तो त्यास घट्ट चिकटेल. वैशाखातल्या दुपारी तीच ओढ अगदी क्षीण झालेली आढळेल. ह्या धातूचे लोहचुंबकत्व सुमारे २९३ केल्व्हिनला, म्हणजे २० अंश सेल्सियसला, मावळते. ऊर्बां, वाइस व त्रोंब ह्या फ्रान्समधील संशोधकांनी १९३५ साली हा गुण नोंदविला आणि लोह, कोबाल्ट व निकेल ह्यांच्या पंक्तीत चौथे मूलद्रव्य येऊन बसले.

धातूच्या पृष्ठभागाशी स्फटिकाची आवर्ती रचना एकाएकी तुटते. त्या तुटीमुळेच काही इलेक्ट्रॉन वरच्या मोजक्या अणुस्तरांतच वावरतात. अशा पृष्ठ-अवस्थांची शक्यता टॅम ह्यांनी १९३२ मध्ये व शॉकली ह्यांनी १९३९ मध्ये दाखविली होती. गॅडोलिनियममध्ये चुंबकत्वाचा मुख्य आधार ४एफ कवचातील सात इलेक्ट्रॉन होत; ते अणूशी जखडलेले असतात. पृष्ठ-अवस्था ५डी इलेक्ट्रॉनांची. तिचे चुंबकत्व बव्हंशी ह्या शेजाऱ्यांकडून उसने घेतलेले. त्यामुळे तिची दोन अंगे होतात. एका परिवलनाचे, म्हणजे स्पिनचे, अंग फर्मी पातळीखाली भरलेले असते; विरुद्ध परिवलनाचे तिच्यावर रिकामे असते. नीच तापमानास दोहोंतील अंतर ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास भरते.

तापमान चढू लागले म्हणजे ह्या अंगांचे काय होते, हा वादाचा विषय. स्टोनर ह्यांच्या १९३८ च्या विचारसरणीनुसार ती परस्परांकडे सरकून क्युरी तापमानास एकरूप व्हावीत. प्रतिपक्षाच्या मते अंगे वेगळीच राहतात. परंतु प्रत्येकात दोन्ही परिवलनांची सरमिसळ वाढून शेवटी कोणाचेच आधिक्य उरत नाही. मराठीत दोन्ही प्रक्रियांना ‘विभाजन नष्ट होणे’ असे सरसकट म्हटले, तर वादाचा गाभाच हरवतो. पहिल्या प्रक्रियेत नष्ट होते ते ऊर्जेतील अंतर, दुसरीत परिवलनाचे आधिक्य.

१९९६ मध्ये, एकाच वर्षी, दोन विरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेश्के व सहकारी ह्यांनी प्रकाश-उत्सर्जनाने भरलेले अंग अभ्यासिले. ते फर्मी पातळीकडे सरकताना दिसल्याने त्यांनी स्टोनर-पक्ष घेतला. डोनाथ व सहकारी ह्यांनी व्यस्त प्रकाश-उत्सर्जनाने, परिवलन वेगळे ओळखून, रिकामी बाजू तपासली. त्यांना सरमिसळ आढळली. १९९८ मध्ये गेट्झलाफ, बोडे प्रभृतींनी क्रमवीक्षक सुरंगी सूक्ष्मदर्शक योजिला. विद्युत्‌दाबाची दिशा पालटली की ह्या उपकरणास दोन्ही अंगे एकाच जागी दिसतात. अंतर तापमानाबरोबर घटते, तथापि क्युरी तापमानास ते शून्य होत नाही, असे त्यांस आढळले. म्हणजे सरकणे खरे होते, एकरूप होणे नव्हे.

ह्याच पृष्ठभागाविषयीचा आणखी एक दावा टिकला नाही. पृष्ठाचे क्युरी तापमान अंतर्भागापेक्षा सुमारे २० अंशांनी अधिक आहे, असे वेलर व सहकारी ह्यांनी १९८५ मध्ये मांडले होते. २००० मध्ये आर्नोल्ड व पापास ह्यांच्या मोजमापांत तशी वाढ दिसली नाही. हा धातू हायड्रोजन व ऑक्सिजन फार लवकर शोषतो, हे अशा मोजमापांचा विचार करताना विसरता येत नाही.

२००२ मध्ये कालोबरन माइती, मालागोली, डालमायर व कार्बोने ह्यांच्या निबंधाने शीर्षकातच स्टोनर-वर्तनाविरुद्ध पुरावा घोषित केला. माइती पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रकाश-उत्सर्जनावरच कार्य करू लागले.