बीडीडी चाळ : शेजार आणि समता

निरनिराळ्या जातीधर्मांची माणसे एका वस्तीत राहू लागली की जात आपोआप विरघळते, असा भाबडा समज सुशिक्षितांत आहे. वरळीच्या बीडीडी चाळींचा इतिहास तो खोडून काढतो.

मी बीड जिल्ह्यातला, घरातला पहिला पदवीधर. आमची वस्ती गावकुसाबाहेर, पाणवठाही वेगळा. म्हणून वडिलांच्या पिढीला मुंबईची चाळ म्हणजेच मुक्ती वाटे. त्यात तथ्यही होते.

1920च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने या चाळी बांधल्या. वरळीत 121 इमारती, प्रत्येकीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. कोकणातले व घाटावरचे मराठे आणि बौद्ध, तेलुगू पद्मशाली येथे राहू लागले. गिरणीचा भोंगा सर्वांना एकच होता. परंतु काही इमारती बौद्धांच्या, काही सवर्णांच्या म्हणूनच ओळखल्या जात. गावकूस येथे जिन्यापाशी येऊन उभे राहिले. 5 जानेवारी 1974 रोजी दलित पँथरच्या सभेत दंगल पेटली, तेव्हा इमारतींवरून दगड आले. 10 जानेवारीला गिरणगावातील निषेध मोर्चात भागवत जाधव वरून आलेल्या दगडाने हुतात्मा झाले.

सामाईक संडासाने समता येत नाही. एकत्र लढल्याशिवाय शेजार घडत नाही.

2025 मध्ये वरळीच्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांची नवी घरे मिळाली. ती हक्काचीच आहेत. मात्र जुन्या इमारती पाडल्या जात असताना 1974चे साक्षीदारही पांगत आहेत. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणी आताच लिहून घेतल्या पाहिजेत. आपला इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.