मुद्दुपळनी
(अठरावे शतक). तंजावरच्या मराठा दरबारातील तेलुगू कवयित्री व पदरचनाकार. भोसले घराण्यातील प्रतापसिंह राजाचा (कार. १७३९–६३) तिला आश्रय होता. तिचा जन्म गणिकाकुळात झाला. कुलस्त्रियांना सहसा न लाभणारे साहित्य, संगीत व नृत्य यांचे शिक्षण या वर्गातील स्त्रियांना मिळे. तिची आजी तंजनायकी हीदेखील कवयित्री होती.

राधिकासांत्वनमु हे मुद्दुपळनीचे प्रमुख काव्य. त्याचे चार भाग असून त्यांत ५८४ पद्ये आहेत. राधा स्वतःच कृष्णाचा इलेशी विवाह लावून देते. पुढे ती मत्सराने व्याकूळ होते आणि अखेरीस कृष्ण तिचे सांत्वन करतो, असे त्याचे कथानक आहे. स्त्रीच्या अभिलाषेचे निःसंकोच चित्रण हा त्याचा विशेष होय. तिने आंडाळच्या तिरुप्पावैचे तेलुगू रूपांतरही केले.

काव्यारंभी तिने स्वतःचा वंश व विद्वत्ता यांविषयी अभिमानाने लिहिले होते. १८८७ च्या आवृत्तीत हा भाग व काही पद्ये गाळण्यात आली. पुढे वीरेशलिंगम् पंतुलूंनी काव्य अश्लील ठरविले. गणिकापरंपरेतीलच विख्यात गायिका बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) यांनी हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. ब्रिटिश सरकारने १९११ मध्ये त्याच्या प्रती जप्त केल्या. ही बंदी १९४७ मध्ये उठली. नागरत्नम्मांच्या आवृत्तीमुळे मुद्दुपळनीचे आत्मकथन पुन्हा वाचकांसमोर आले.