वाळूचा सातबारा

महसूल खात्यात नव्याने दाखल झालेल्या अधिकाऱ्यास जे काही शिकवले जाते, ते जमीन ही स्थिर वस्तू आहे असे गृहीत धरून. गटाला क्रमांक असतो, हद्दीला दगड असतो, नकाशाला प्रमाण असते. तरीही जमीन हलते हे कायद्याने एका कोपऱ्यात मान्य केलेले आहे. नदीने आणून टाकलेल्या आणि वाहून नेलेल्या जमिनीविषयी बंगालमध्ये १८२५ सालीच स्वतंत्र रेग्युलेशन झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही (१९६६) मळईच्या जमिनीवरील आकारणीच्या आणि पाण्याने गिळलेल्या जमिनीवरील सुटीच्या तरतुदी आहेत. ही कलमे आपण परीक्षेपुरती वाचतो आणि विसरतो. पण एखादे अख्खे बेटच अशा जमिनीचे असेल, आणि त्यावर पिढ्यानपिढ्या लोक राहत असतील, तर प्रशासनाने काय करावे?

केरळातील वैपिन हे असे बेट आहे. कोची बंदराच्या मुखापासून उत्तरेस मुनंबमपर्यंत त्याची लांबी सुमारे २५ किलोमीटर आहे. रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी दोन-अडीच किलोमीटरच भरते. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस खाडीचे संथ पाणी, आणि दोहोंच्या मध्ये बांध घातल्यासारखी ही वाळूची पट्टी. भूगोलात अशा बेटास रोधक बेट म्हणतात. चेराईचा किनारा आज पर्यटकांना ठाऊक आहे. पण वैपिन हे मुळात राहत्या घरांचे बेट आहे. नारळीच्या सावलीत एकमेकांना लागून असलेली अंगणे, देवळे, चर्च, मशिदी, मासळीचे धक्के, आणि सकाळी एर्नाकुलमच्या कचेऱ्यांकडे निघालेली माणसे.

या बेटाचा जन्म परंपरेने १३४१ सालचा मानला जातो. त्या वर्षी पेरियार नदीस महापूर आला. कोडुंगल्लूरचे, म्हणजे प्राचीन मुझिरिसच्या परिसरातील, बंदर गाळाने निकामी झाले, दक्षिणेस कोचीचे मुख मोकळे झाले आणि मधल्या भागात नवी भूमी साचली. मलयाळममध्ये ‘वैप्पु’ म्हणजे साचलेली, ठेवलेली जमीन. ही घटना लोकांना एवढी मोठी वाटली की तिच्यापासून ‘पुतुवैप्पु’ नावाचा शकच कोची राज्यात मोजला जाऊ लागला. राज्याभिषेकावरून किंवा विजयावरून शक सुरू झाल्याचे आपण वाचतो. जमीन वर आली म्हणून सुरू झालेला शक विरळाच.

नव्या भूमीवर सत्ताही लवकर आल्या. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी उत्तर टोकास पळ्ळिप्पुरमचा षट्कोनी किल्ला बांधला. पुढे तो डचांकडे गेला, आणि त्यांनी तो १७८९ साली कोडुंगल्लूरच्या किल्ल्यासह त्रावणकोरला विकला. या विक्रीस टिपूचा आक्षेप होता. त्याने वर्षअखेरीस त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला आणि त्यातून तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध उभे राहिले. मराठी फौजा १७९० ते १७९२ या काळात ज्या युद्धात लढल्या, त्याची एक ठिणगी या वाळूच्या टोकावर पडली होती. गोव्यातून सोळाव्या शतकात बाहेर पडलेली कोकणी गौड सारस्वत कुटुंबेही कोचीच्या परिसरात स्थिरावली. चेराईत त्यांचे वराहाचे देऊळ आहे. पृथ्वीला समुद्रातून वर काढणाऱ्या देवाची स्थापना समुद्राने वर टाकलेल्या भूमीवर व्हावी, हा योगायोग मनात राहतो.

आधुनिक प्रशासनाचा या बेटाशी खरा संबंध आला तो बंदराच्या निमित्ताने. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो हे अभियंते कोचीस आले. बंदराच्या मुखाशी वाळूचा कठीण दांडा होता, त्यामुळे मोठी जहाजे बाहेरच थांबत. दांडा कापता येईल, हे उघड होते. प्रश्न असा होता की, तो कापल्यावर वैपिनचा किनारा समुद्र खाईल काय? ब्रिस्टोंनी ग्रॅनाइटच्या दगडी धक्क्यांची अशी रचना सुचवली की लाटांनी स्वतःच तेथे वाळू आणून टाकावी. १९२८ साली जहाजे आत येऊ लागली. उपसलेल्या गाळातून पुढे विलिंग्डन बेट उभे राहिले. या कामातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे शेजारच्या किनाऱ्याचे काय होईल, हा प्रश्न काम हाती घेण्यापूर्वीच विचारला गेला.

पुढे हा प्रश्न नेहमी विचारला गेला असे म्हणवत नाही. बेटावरील लोकांची मोठी मागणी पुलाची होती. समोर दिसणाऱ्या एर्नाकुलमला जाण्यास बोट हाच जवळचा मार्ग. नाहीतर उत्तरेकडून परवूरमार्गे लांबचा वळसा. रात्री-अपरात्री आजारी माणसास घेऊन धक्क्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे बेटावरच्या माणसालाच कळते. १९९४ साली गोश्री बेटे विकास प्राधिकरण स्थापन झाले. पैसा उभारण्यासाठी एर्नाकुलमच्या बाजूस खाडीचा काही भाग भरून ती जमीन विकण्यात आली, आणि २००४ च्या जूनमध्ये पूल खुले झाले. मागणी न्याय्य होती, उपायही कल्पक होता. मात्र पाण्याने वेढलेल्या लोकांना रस्ता देण्यासाठी पाणीच विकले गेले, याची नोंद त्या यशाबरोबर व्हायला हवी.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि बेटावरील एडवनक्काडच्या किनारपट्टीस तिचा तडाखा बसला. पावसाळ्यात समुद्र अंगणात शिरणे तेथे नवे नाही. लाटा पावसाळ्यात वाळू नेतात आणि उघडिपीत परत आणतात, हा या किनाऱ्याचा मूळ हिशोब. नदीवरील धरणे, वाळूचा उपसा, बंदराचे खोदकाम आणि दगडी भिंती यांनी त्यातील जमेची बाजू रोडावते. भिंत जेथे संपते, तेथून पुढच्या किनाऱ्यावर धूप वाढण्याचा धोका असतो. मग पुढचे गाव आपल्यासाठी भिंत मागते. त्या गावाचे चुकते असे कोण म्हणेल?

नियमांचीही अशीच ओढाताण झाली. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरांत नव्या बांधकामास मनाई केली. खाडीच्या काठालाही बंधने होती. दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या अरुंद बेटावर मग राहायचे कोठे? मच्छीमाराच्या मुलाने वडिलांच्या घराशेजारी खोली बांधली तर तिला रीतसर क्रमांक मिळणे कठीण. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी ही मनाई ५० मीटरांवर आणण्याची सोय केली. घराचा प्रश्न त्याने सुटेल, समुद्राचा नाही. एका नियमाने माणूस विसरला होता. दुसऱ्याने समुद्र विसरू नये.

याउलट बेटावरील जुनी शेती पाहावी. पोक्काळी हे खाऱ्या पाण्यात तग धरणारे भात पावसाळ्यात पिकते. कापणीनंतर त्याच खाचरांत भरतीचे पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. येथे पाण्याला अडवलेले नाही, त्याची वेळ ठरवून दिलेली आहे. शेतकऱ्याने समुद्राशी केलेला हा करार आपल्या पुष्कळ आराखड्यांहून शहाणपणाचा आहे.

वैपिनमध्ये घर, रस्ता, दवाखाना, पिण्याचे पाणी मागणाऱ्या नागरिकाचा हक्क इतर कोणाहूनही कमी नाही. ती जमीन तात्पुरती आहे, असे सांगून त्याला परत पाठवता येणार नाही. सुमारे पावणेसातशे वर्षे ती टिकली आहे. परंतु तेथील प्रत्येक प्रस्तावावर सही करण्यापूर्वी नस्तीच्या समासात एक प्रश्न लिहून ठेवावा: या कामानंतर वाळू कोठे जाईल आणि पाणी कोठे जाईल? उत्तर नसेल तर नस्ती एकदा परत पाठवलेली बरी. सातबाऱ्यावरील क्षेत्र आपण लिहितो. ते भरून देणे किंवा काढून घेणे समुद्राच्या हाती आहे.