लांबीखालचा इतिहास: एका जुन्या व्हॅनच्या गंजाची गोष्ट

जुन्या गाडीच्या पत्र्यावर जाड सँडपेपर फिरवला की रंगांची वर्तुळे उघडी पडू लागतात. वर अलीकडचा निळा, त्याखाली पिवळा, मग प्रायमरचा करडा, मग बोटभर जाडीची लांबी. आणि लांबीच्या खाली जेथे पत्रा असायला हवा तेथे काहीच नाही. आजचा धागा या 'काहीच नाही'बद्दल आहे. गाडी फोक्सवॅगनची टाइप टू व्हॅन, देश ब्रिटन. अशा व्हॅनच्या पोटात लांबी, तारेची जाळी आणि वर्तमानपत्रांचे बोळे कोणी व का भरले, हा प्रश्न.

सुरुवात व्हॅनच्या जन्मापासून करावी लागेल. २३ एप्रिल १९४७ रोजी बेन पोन या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत चाकांवरच्या एका खोक्याचे चित्र काढले: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मध्ये सामान. १९४९ मध्ये नमुना तयार झाला तेव्हा हे खोके सरळ बीटल मोटारीच्या तळपत्र्यावर बसवलेले होते. चाचणीत तो तळ भाराखाली टिकला नाही. मग अभियंत्यांनी सांगाडा आणि खोके एकत्र वेल्ड करून एकसंध रचना केली, आणि मार्च १९५० मध्ये उत्पादन सुरू झाले.

पुढच्या साऱ्या दुखण्याचे मूळ या निर्णयात आहे. ट्रकला स्वतंत्र चासी असते. वरची बॉडी सडली तरी ट्रकचा कणा शाबूत राहतो. टाइप टूला असा वेगळा कणा नाही. तळाखालच्या लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे बाहू आणि दारांखालचा पोकळ उंबरा, ज्याला गॅरेजात सिल म्हणतात, हे सगळे मिळून भार पेलतात. हा उंबरा आतला, मधला आणि बाहेरचा अशा तीन पत्र्यांचा असतो, आणि प्रत्येक पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. म्हणजे जो भाग वरवर पाहता केवळ शोभेची कड वाटतो, तोच गाडीचा भारवाही अवयव आहे.

पोकळी म्हटली की पाणी आलेच. चाकांनी उडवलेला चिखल, खिडकीच्या म्हाताऱ्या रबरातून झिरपलेला पाऊस, आणि ब्रिटनमध्ये याच्या जोडीला हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ. पाणी निघून जाण्याची भोके चिखलाने बुजली की उंबरा आतून सडू लागतो. बाहेरच्या रंगावर पहिला फोड येईतो आतला पत्रा बहुधा निम्मा गेलेला असतो.

आता राज्यसंस्था रंगमंचावर येते. ब्रिटनच्या वाहतूक मंत्रालयाने १९६० मध्ये जुन्या गाड्यांची वार्षिक तपासणी सुरू केली. मंत्रालयाच्या आद्याक्षरांवरून तिला आजही 'एमओटी' म्हणतात. आरंभी ती १० वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढेच पाही. १९६७ पासून ती ३ वर्षांच्या गाडीलाही लागू झाली. १९७७ मध्ये तपासणीच्या यादीत बॉडीच्या रचनेची आणि चासीची अवस्था आली, आणि गंज हा केवळ मालकाच्या डोकेदुखीचा विषय न राहता कायद्याचा विषय झाला.

याच वर्षांत या व्हॅन तिसऱ्या-चौथ्या हातात पोहोचत होत्या. मागच्या बाजूला खिडक्या नसलेल्या व्हॅनवर ब्रिटनमध्ये १९७३ पर्यंत खरेदी कर नव्हता, त्यामुळे अनेक घरांत व्हॅन हीच परवडणारी पहिली गाडी असे. (कराने वाहनांची रूपे कशी घडवली, हा एका वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) इस्तंबूल, तेहरान, काबूलमार्गे भारताकडे आणि पुढे गोव्याच्या हणजूण किनाऱ्यापर्यंत येणाऱ्या हिप्पींच्या वाटेवरही टाइप टू दिसत असे, ती स्वस्त होती म्हणून. अशा गाडीच्या मालकापुढे दरवर्षी एकच हिशेब असे: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे, पण प्रमाणपत्राशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पोटातले वर्तमानपत्र या हिशेबातून आले.

त्याआधी पत्र्याचे कारागीर खड्डे भरत ते शिशाने. शिसे आणि कथील यांचा डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागतो, पण २५० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत पूर्ण पातळ होत नाही. या मधल्या अवस्थेत तो लोण्यासारखा असतो. आधी पत्र्याला कल्हई करायची, मग ज्योतीने डाख मऊ करून चरबी लावलेल्या लाकडी फळीने तो थापायचा. शिसे धातूला खऱ्या अर्थाने चिकटते आणि पाणी शोषत नाही. मात्र याला हात बसावा लागतो.

१९५० च्या दशकापासून पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी यांपासून केलेली लांबी पसरू लागली. डब्यातला गोळा घ्यायचा, त्यात नळीतला हार्डनर मिसळायचा. काही मिनिटांत तो घट्ट होतो, अर्ध्या तासात घासता येतो. घराच्या अंगणात, ज्योतीशिवाय, कुठल्याही शिक्षणाशिवाय. हा पदार्थ वाईट नाही. सलग पत्र्यावरचा उथळ पोचा भरण्यासाठी तो उत्तमच आहे. पण त्यातली भुकटी ओलावा धरते, आणि भोकावर लांबी थापली की तिच्या पाठीमागून पाणी येतच राहते. बाहेर गुळगुळीत रंग, आत वाढता गंज. शिवाय लांबी भार पेलत नाही. तिला उंबऱ्याच्या जागी बसवणे म्हणजे तुळई काढून तेथे तुळईचा रंग दिलेले पुठ्ठ्याचे खोके ठेवण्यासारखे आहे.

तपासनीसाला हे कळत नसे का? अनेकदा कळत असे. पण तपासणीत गाडीचे भाग सोडवून पाहण्याची परवानगी नसते. पाहायचे, दाबायचे, छोट्या हातोडीसारख्या हत्याराने ठोकायचे आणि आवाज ऐकायचा, इतकेच. आजचे नियम स्पष्ट आहेत: स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट यांच्या जोडबिंदूंपासून ३० सेंटीमीटरच्या आतला भारवाही पत्रा सडलेला असेल तर तेथे सलग वेल्डिंगच हवे, लांबी, फायबर किंवा रिव्हेट चालत नाहीत. म्हणून जुगाड करणाऱ्याने आणखी एक थर शोधला, तळाला फासायचे काळे डांबरी लेपण. गंजापासून रक्षण करण्यासाठी बनलेला हा लेप गंज लपवण्यासाठी वापरला गेला.

आज या व्हॅनना मोल आले आहे आणि घरच्या गॅरेजात हे थर उलट क्रमाने काढले जात आहेत. हे काम उत्खननाच्या फार जवळचे आहे. तेरच्या उत्खननात एखाद्या थरात सातवाहन नाणे सापडले, तर तो थर त्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही. उंबऱ्यात कोंबलेल्या वर्तमानपत्राची तारीख नेमके हेच सांगते: दुरुस्ती त्या दिवसानंतरची. वरच्या रंगांचे थर मोजले की नंतर किती मालकांनी ती तशीच झाकली याचाही अंदाज येतो.

पहिले साधन म्हणजे कापडात गुंडाळलेले लोहचुंबक. पत्र्यावरून फिरवताना ते जेथे सुटते तेथे लांबी जाड आहे किंवा पत्राच नाही. मग लांबी उष्ण हवेने मऊ करून खरवडायची, कारण चक्रीने घासल्यास तिची भुकटी घरभर आणि छातीत जाते. जुने शिसे लागले तर चक्री मुळीच नको. ते मंद आचेवर मऊ करून पुसून काढायचे. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवायची आणि डांबरी लेप खरवडून टाकायचा, कारण तो पेटतो. उंबरा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड करून तिला धरून ठेवायचे. हे न केल्यास मधोमध गाडी खचते, आणि नवा उंबरा बसवल्यावर लक्षात येते की दार आता कधीच लागणार नाही.

यात सर्वांत फसवा शत्रू लांबी नसून ठिगळावरचे ठिगळ आहे. सडका पत्रा न कापता त्यावर नवा पत्रा वेल्ड केलेला असतो, काही वेळा तीनदा. तपासणीत तो टणक वाजतो आणि उत्तीर्णही होतो; पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी अडकते आणि गंज पूर्वीपेक्षा वेगाने पसरतो. लांबी निदान चुंबकापुढे कबुली देते. ठिगळ देत नाही. म्हणून चकचकीत निरोगी पत्रा लागेपर्यंत मागे कापत जावे लागते, आणि बशीएवढे वाटलेले भोक परातीएवढे होते. मग पुठ्ठ्याचा साचा, त्याबरहुकूम नवा तुकडा, आणि पत्रा तापून वाकू नये म्हणून एकेक ठिपका दूर दूर देत शिवलेला वेल्ड. शेवटी पोकळीत मेण फवारतात, आणि पाणी निघण्याची भोके मोकळी आहेत ना हे तारेने पाहतात.

सगळे जुने काम मात्र काढून टाकण्यासारखे नसते. एखाद्या जाणत्या हाताने शिशाने भरलेला सांधा अजून घट्ट असेल तर तो राहू द्यावा. तीही त्या गाडीच्या इतिहासातली साक्षच आहे. आणि वर्तमानपत्र कोंबणाऱ्यालाही केवळ लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. पुढच्या प्रवाशाच्या जिवाशी तो खेळला, हे खरे. पण गाडी भंगारात न जाता आणखी एक वर्ष चालली तीही त्याच्यामुळेच.

मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. जर्मनीत बनलेल्या सगळ्या टाइप टू, ज्यांचे तेथील उत्पादन १९७९ मध्ये थांबले, आता या वयाच्या आहेत. गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर कायम आहे, पण उंबरा ठोकून पाहणारे कोणी राहिलेले नाही. काही मालक तरीही दरवर्षी स्वतःहून गाडी तपासणीला नेतात आणि तपासनीसाला सांगतात, दाराखाली जरा जोरात ठोका.