आंबवण्याचा परवाना

डोंबिवली म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोकलची गर्दी, नाट्यवेडे मध्यमवर्गीय आणि एमआयडीसीतल्या रसायनांचा वास एवढंच आठवतं. बिअर कुणाला आठवत नाही. पण २०१४ च्या सुमारास मुंबईच्या बारमध्ये क्राफ्ट बिअरचे नळ बसू लागले, तेव्हा त्यातल्या काही नळांमागचे केग डोंबिवलीहून येत होते. ‘गेटवे ब्रूइंग कंपनी’ने आपली ब्रुअरी इथे टाकली होती. तिची ‘व्हाइट झेन’ ही बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर. या जातीच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. ती सगळी करामत यीस्टची. केळ्यांसाठी नाव कमावलेली वसई पलीकडे असताना डोंबिवलीत बिनकेळ्याचा केळवास तयार व्हावा, यात थोडी गंमत आहेच.

ती बिअर रानटी नव्हती. पाळीव, निवडलेल्या यीस्टची होती. क्राफ्ट बिअरच्या शौकिनाची वाट साधारण इथूनच सुरू होते: आधी गव्हाची, मग कडवट आयपीए, मग कॉफीच्या रंगाची स्टाउट, आणि जीभ सरावली की आंबट. आंबटाच्या गल्लीत शिरलेला माणूस सहसा परत येत नाही. फळं घालून मुरवलेली, मोजक्याच बाटल्यांची, हवेतल्या यीस्टवर आंबवलेली ‘वाइल्ड एल’ हा या शौकाचा शेवटचा मुक्काम. तिच्यासाठी लोक विमानं पकडून ब्रसेल्सला जातात. १९०० साली सुरू झालेल्या ‘काँतियों’ या ब्रुअरीत माळ्यावर तांब्याचं एक उथळ, पसरट भांडं आहे. उकळलेला धान्याचा रस त्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतून जे काही पडेल ते पडू देतात. पुढे तो लाकडी पिंपांत वर्ष-दोन वर्षं, कधी तीन वर्षं राहतो. चेरी घातली की ‘क्रीक’, रासबेरी घातली की ‘फ्राँब्वाज’.

एकेकाळी सगळीच बिअर थोडीफार रानटी असायची. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली आणि बिअरची चव कारखान्याच्या ताब्यात आली. १९०४ मध्ये त्याच कार्ल्सबर्गच्या क्लाउसेनने जुन्या इंग्रजी बिअरमधली रानटी जात हुडकली आणि तिला ‘ब्रेटॅनोमायसिस’ असं नाव दिलं. बहुतेक ब्रुअर तिला घरात शिरलेल्या चोरासारखं वागवत आले. गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी तिलाच मानाने आत बोलावलं, आणि बिघाड समजला जाणारा प्रकार महागडा झाला.

ठाणे जिल्ह्यात मात्र हा प्रकार कधी बंदच पडला नव्हता. तो इमारतीच्या माळ्यावर नव्हे, झाडाच्या शेंड्यावर चालत आला.

त्याची नोंद सातशे वर्षं जुनी आहे. १३२१ मध्ये जोर्दानुस नावाचा फ्रेंच डोमिनिकन धर्मगुरू चार फ्रान्सिस्कनांबरोबर ठाण्यात उतरला. तो सोपाऱ्याकडे गेलेला असताना मागे त्या चौघांची ठाण्यात हत्या झाली. पुढे त्याने हिंदुस्थानातल्या नवलाईवर एक पुस्तिका लिहिली. तिच्यात नारळाचं वर्णन आहेच, पण बारा महिने पांढरा, गोड लागणारा रस देणाऱ्या आणखी एका झाडाचंही आहे. त्याचं नाव तो ‘तारी’ असं देतो. त्याच दशकात ओडोरिक हा इटालियन भिक्षू ठाण्याला आला आणि त्या चौघांच्या अस्थी घेऊन पुढे गेला. दारू देणारी झाडं त्यानेही पाहिली, आणि ती दारू भलतीच चढते असं लिहून ठेवलं. चव कुणी घेऊन पाहिली, हे दोघांनीही सांगितलेलं नाही. बाराही महिने गोड लागतो म्हणणाऱ्याला मात्र ती ठाऊक असावी.

ताडी होते कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ताडावर चढणारा कमरेला आणि झाडाला दोर घेऊन, पाय बुंध्याला रोवत वर जातो. न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, बांधून काही दिवस हलकेच ठोकून मऊ करावी लागते. घाई केली तर ती सुकते. मग धारदार कोयतीने टोकाची कागदासारखी पातळ चकती उडवायची आणि खाली मडकं अडकवायचं. सकाळ-संध्याकाळ पुन्हा चढायचं, पुन्हा तेवढीच चकती. जास्त कापलं तर पोय लवकर संपते, कमी कापलं तर धार आटते. पोयीतून निघणारा रस गोडच असतो, पण मडक्याला कालच्या ताडीचा ओलावा असतो, झाडावर यीस्ट असतं, वाऱ्यावर माश्या असतात. सूर्य वर येईपर्यंत रस फसफसू लागतो. पहाटे त्याला खोबऱ्यासारखी गोडी असते, आठ-नऊला जिभेला चुरचुर, दुपारी चक्क आंबट, संध्याकाळी व्हिनेगरच्या वाटेवर. एका दिवसात चार चवी. त्यात यीस्ट असतं, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, झायमोमोनास नावाचा साखरेची झटपट दारू करणारा जिवाणू असतो आणि शेवटी व्हिनेगर करणारी मंडळी येतात. ब्रसेल्सच्या पिंपात जे नाटक दोन वर्षं चालतं, त्याची एकांकिका डहाणूच्या ताडावर रोज होते.

हे काम किनाऱ्यावर भंडाऱ्यांचं आणि आत आदिवासींचं. वारल्यांच्या लग्नात ताडी लागते, आणि वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस हमखास असतो. ताडीचा दुसरा उपयोग स्वयंपाकघरात होता. वसई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत ‘फुगे’ या तळलेल्या गोल पावाचं पीठ ताडीने फुगवायचे. गोव्यातल्या पोदेरांचा, म्हणजे पाववाल्यांचा, पावही माडाच्या सुरेवर फुगत असे. पोर्तुगीजांचा अंमल वसईवर १७३९ पर्यंत राहिला, आणि त्याची एक खूण ही अशी: युरोपची भाकरी, कोकणचं यीस्ट.

मग इंग्रज सरकारची नजर मडक्याकडे वळली.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि तो राबवणारा चार्ल्स प्रिचर्ड हा कमिशनर, यांनी या जिल्ह्याचं पिणं मुळातून बदललं. सरकारचा हिशेब सरळ होता. हजार झाडांवरच्या हजार मडक्यांवर पहारा ठेवता येत नाही. एका भट्टीवर ठेवता येतो. म्हणून ताडाच्या झाडावर कर, परवान्याशिवाय चीर द्यायला मनाई, आणि दारू गाळण्याचं काम मोजक्या ठिकाणी. तेव्हा उरण ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या. पंचमहाल आणि मध्य प्रांतातून वाळलेली मोहाची फुलं तिथे येत आणि गाळलेली दारू जिल्ह्याच्या गुत्त्यांवर जाई. झाडाचा कर वाढत गेला तसा ताडीवाल्याला धंदा परवडेनासा झाला, आणि लोकांना हलक्या, ताज्या, आंबट पेयाऐवजी जळजळीत मोहाची सवय लावली गेली. सरकार तोंडाने मद्यपान कमी करण्याची भाषा करी. प्रत्यक्षात त्याने पेय अधिक कडक केलं आणि ते विकण्याचा हक्क मक्तेदाराला दिला. ठाण्याच्या दारूच्या इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय कुठला असं विचारलं तर बोट याच निर्णयाकडे दाखवावं लागेल.

तरी घरगुती मोह उरलाच होता. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली टपटपणारी फुलं वेचून शहापूर-मुरबाडचे आदिवासी ती वाळवत, खात, आंबवत. त्याचाही बंदोबस्त झाला. १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आला आणि आपल्याच रानातलं फूल घरात किती ठेवायचं हे सरकार सांगू लागलं. फुलाचा साठा हा गुन्हा ठरू शकतो, ही कल्पना पचवायला त्या गावांना किती जड गेली असेल!

लोक गप्प बसले असंही नाही. १८८० च्या दशकात ठाणे-कुलाब्यातल्या आगरी-कोळी गावांनी दारूला न शिवण्याच्या शपथा घेतल्या. त्यात नीतीपेक्षा भावाचा आणि मक्तेदाराचा राग जास्त होता. १९२२ मध्ये तर पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत देवी अंगात येऊ लागली. तिची आज्ञा डहाणू-उंबरगाव ओलांडून दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पोचेपर्यंत अशी झाली होती: दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पारशी गुत्तेदाराच्या कामावर जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. मुंबईतल्या दारूबंदीवाद्यांना जे साधलं नाही, ते देवीने काही महिन्यांत केलं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी. ताडाच्या झाडाला गांधीवाद्यांनी नवं काम दिलं: नीरा आणि ताडगूळ. गजानन नाईक यांनी त्यात आयुष्य घातलं आणि डहाणू हे या कामाचं केंद्र बनलं. नीरा म्हणजे न आंबलेली ताडी. मडक्याला आतून चुना लावायचा, रस थंड ठेवायचा, आणि लोकलच्या फलाटावरच्या टपरीत तो ग्लासात ओतायचा. यीस्टला आवरण्याची एवढी सरकारी खटपट दुसऱ्या कुठल्या पेयासाठी झाली नसेल.

यीस्ट आवरलं नाही. ते खाडीत गेलं. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे पिंप आणि तिवरांची दाट जाळी. दिवा-कल्याणच्या खाडीकाठी होडीशिवाय पोचता येत नाही अशा जागी हातभट्ट्या लागल्या. एक्साइजचे लोक होड्या घेऊन तिथे जातात, रसायन पाण्यात ओततात, पिंपं फोडतात. ही बातमी आजही वर्तमानपत्रात अधूनमधून असतेच. पहिल्या धारेच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की विषारी दारूने २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मारली.

१९६० च्या दशकात बंदी सैल झाली, पुढे जवळजवळ उठली. कायद्याचं नाव मात्र आजही दारूबंदी कायदाच आहे. क्राफ्ट बिअरचा ग्लास हातात घेणाऱ्याकडे कागदोपत्री पिण्याचा परवाना असावा लागतो, आणि विदेशी मद्याच्या एका दिवसाच्या परवान्याचे पाच रुपये बहुतेकांनी स्वतः कधी मोजलेले नसतात.

२००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचा जमाना आला. या मंडळींना फळांकडे वळायला फार वेळ लागला नाही. पुण्याच्याच ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ घालून आंबट एल काढली. मीठ घातलेल्या आंबट बिअरची जुनी घराणी जर्मनीत गोस्लार-लाइपझिगकडे. पण मीठ-कोकमाचं सरबत पीत वाढलेल्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. नाशिकची ‘सेराना’ मधाबरोबर जांभूळ आंबवते. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या हद्दीत बोर्डीला ‘हिल झिल’ने चिकूची वाइन केली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात बाजारात न खपणारा, हातात धरला तर फुटेल असा पिकलेला चिकू आंबवायला उत्तम, हे बागायतदाराला सांगायला नको.

खरं रानटी आंबवणं यात थोडंच आहे. बेल्जियमची उघडी भांडी ऑक्टोबर ते एप्रिलच्या गारठ्यात वापरतात. ठाण्याच्या दमट रात्री तसा रस उघडा ठेवला तर सकाळी ओतूनच द्यावा लागेल. म्हणून आपल्याकडची बहुतेक आंबट बिअर टाकीतच लॅक्टोबॅसिलस सोडून एक-दोन दिवसांत आंबट करतात, मग उकळून जिवाणू मारतात आणि पाळीव यीस्टवर सोपवतात. चव छान येते. तिला रानटी म्हणणं मात्र जाहिरातीचं काम. या हवेला मानवणारं रानटी पेय एकच, आणि ते आठ तासांत संपवावं लागतं.

सरकारही अलीकडे जरा वळलं आहे. २०२१ मध्ये मोहाची फुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्राने उठवले, म्हणजे १८९२ ची गाठ सुटायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. २०२२ मध्ये मोह आणि काजूपासूनच्या मद्याला ‘देशी’तून काढून ‘विदेशी’ मद्याच्या वर्गात बसवलं. मुरबाडच्या रानातलं फूल प्रतिष्ठा मिळवायला परदेशी झालं.

ताडीचं तेवढंही झालेलं नाही. तिची दुकानं आजही लिलावाने मक्त्यावर जातात. झाडावर चढणारा मजूर राहतो, मक्तेदाराला रोजचा खप गाठायचा असतो, आणि झाडं पुरत नाहीत तिथे क्लोरल हायड्रेट पाण्यात मिसळून ‘ताडी’ बनते. ठाणे-कल्याणच्या वस्त्यांत ताडी बदनाम झाली ती या पावडरीमुळे. मायक्रोब्रुअरीला आपली बिअर आपल्याच जागेत विकू देणारा परवाना आहे. तसाच, झाडं मोजून, नमुने तपासून, थेट चढणाऱ्याच्या नावावर आणि झाडाखाली दुपारपर्यंतच्या विक्रीपुरता परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाने डहाणू, तलासरी, पालघरमध्ये तरी देऊन पाहावा. कोकम एलच्या ग्लासाला पाच-सहाशे मोजणाऱ्या शौकिनांनीही ही मागणी करायला हरकत नाही.

तोवर ज्याला खरी रानटी चव घ्यायची आहे त्याने दिव्याहून वसई आणि वसईहून डहाणूची गाडी धरावी, ओळखीच्या माणसाच्या झाडाखाली सकाळी आठच्या आत पोचावं, आणि शहरातल्या दुकानात पिशवीत मिळणाऱ्या ताडीला हात लावू नये.